मातीचे ऋण कोणी फेडावे?

काही वर्षांपूर्वी एका गरीब शेतकऱ्यास, 'आपल्या उताराच्या रानास ताली घाल, बांधावर झाडे लाव,' असा उपदेश मी मोठ्या उत्साहाने केला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हटले, "पाळकसाहेब, तुमचे म्हणणे खरे आहे. पण झाडाला फळ येईपर्यंत घरात काय शिजवावे?" मला उत्तर देता आले नाही. जमीन जिवंत राखावी हे सर्वांस मान्य आहे. परंतु ती राखण्याचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात राहिला आहे. कॉफीच्या शेतकऱ्याच्या उदाहरणाने तो फार स्पष्ट होतो, म्हणून ते येथे घेतो.

आंध्र प्रदेशात, पूर्व घाटाच्या डोंगरांत, अराकूचे खोरे आहे. तेथील आदिवासी पूर्वी 'पोडू' शेती करीत. म्हणजे रान तोडून जाळावे, राखेत पीक घ्यावे, आणि जमीन थकली की पुढे जावे. आता त्यांपैकी हजारो कुटुंबे लहान लहान तुकड्यांवर, मोठ्या झाडांच्या सावलीत, कॉफी लावितात. सिल्व्हर ओकच्या खोडांवर मिरीचे वेल चढविलेले असतात. वरून पडलेला पाला कुजून माती होते. मुळे उतार धरून ठेवितात. फळांची सालेही कुजवून खतासाठी परत शेतात जातात. ह्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. 2017 साली त्यांच्या कॉफीचे दुकान पॅरिस शहरात निघाले, आणि 2019 साली अराकूच्या कॉफीस भौगोलिक मानांकन मिळाले.

हे ऐकून आनंद होतो; पण त्यामागील कष्टही पाहावे. कॉफीचे झाड लाविल्यावर पहिले चांगले पीक येण्यास तीन-चार वर्षे जातात. फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून तेच झाड पुनः पुनः हिंडून केवळ लाल फळ वेचावे लागते; आणि सुमारे पाच-सहा किलो फळांतून विकण्याजोगे बी एक किलोच निघते. ज्याच्या दारी सावकार बसला आहे, तो हिरवे-पिवळे फळ एकदम ओरबाडून मिळेल त्या भावाने देऊन टाकितो. तो आळशी किंवा अडाणी आहे म्हणून नव्हे, तर त्यास थांबणे परवडत नाही म्हणून.

कोणी म्हणेल, "जमीन त्याची, लाभही त्याचा, मग खर्च इतरांनी का सोसावा?" हे म्हणणे अर्धेच खरे आहे. डोंगरावर मुरलेले पाणी खालच्या गावांच्या विहिरींस मिळते. राखलेली माती उद्या कॉफी पिणाऱ्यासाठीही राखलेली असते. शिवाय भाव शेतकऱ्याच्या हाती नसतो. कॉफी विकणाऱ्या व घेणाऱ्या देशांनी ठरविलेली निर्यातीच्या वाट्यांची व्यवस्था 1989 साली मोडली, आणि भाव कोसळला. 2001 साली न्यूयॉर्कच्या बाजारात तो पौंडास 50 सेंटांच्याही खाली गेला. 2025 साली तोच 4 डॉलरांच्या वर चढला. शेतकऱ्याचे श्रम मात्र दोन्ही वेळी तेच होते. स्वस्त कॉफीची खरी किंमत कोणी तरी देतोच. पिणारा देत नसेल तर शेतकरी देतो, आणि शेतकऱ्याजवळ काही उरले नाही म्हणजे माती देते.

मेक्सिको देशातील ओआहाका प्रांतातल्या डोंगराळ भागातील कॉफी-शेतकऱ्यांच्या संस्थेने हा विचार व्यवहारात आणिला. त्यांच्यामध्ये राहणाऱ्या एका डच धर्मगुरूच्या साह्याने 1988 साली नेदरलँड्समध्ये रास्त भावाच्या कॉफीवर 'मॅक्स हॅवेलार' ही खूण आली. हे नाव 1860 सालच्या एका डच कादंबरीचे आहे. तिच्यात जावातील रयतेची पिळवणूक उघड केली होती. ह्या चळवळीने किमान भाव ठरविला. धुतलेल्या अरेबिका कॉफीस तो 2023 साली पौंडास 1 डॉलर 80 सेंट झाला, आणि सेंद्रिय मालास त्याहून अधिक. येथे भिक्षा नाही. दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. रास्त भाव हा घेतलेल्या वस्तूचे व श्रमांचे देणे होय.

तथापि खूण म्हणजे सर्व काही नव्हे. सर्व माल ह्या भावाने विकला जातोच असे नाही. ग्राहक पुरेसे नसले तर उरलेला माल साध्या बाजारातच जातो. आणि न्यायाचे बंधन दोहों बाजूंस आहे. संस्थेने पडत्या काळात सभासदास सावरिले असता, भाव चढताच तिला दिलेला शब्द मोडून दारी आलेल्या व्यापाऱ्यास माल देणे, हेही अन्यायाचेच आहे. लाल फळांत हिरवे मिसळणे ही मापात खोट होय.

मग आपण काय करावे? आपल्याकडे कापूस, तूर व कांदा आहे. कॉफी थोडी चिखलदऱ्याच्या डोंगरावर काय ती आहे. परंतु न्याय पिकागणिक बदलत नाही. शेजाऱ्यास 'मातीची काळजी घे' असे सांगण्यापूर्वी त्याच्या डोक्यावर देणे किती आहे ते विचारावे. उभे पीक विकण्याची पाळी त्याजवर येऊ नये म्हणून चारचौघांनी मिळून बी, खत व विक्री ह्यांची तजवीज करावी. आणि बाजारात भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करिताना, ते दोन रुपये कोणाच्या शेतातून निघत आहेत ह्याचा क्षणभर विचार करावा.

त्या शेतकऱ्यास देण्याजोगे उत्तर आता मजजवळ आहे. झाडाला फळ येईपर्यंत त्याच्या घरची चूल पेटती ठेवणे हे आम्हा सर्वांचे काम आहे. ते करण्यास मी सिद्ध नसेन, तर झाड लावण्याचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही.