सादृश्य आणि ओळख

आर्वीच्या पंचक्रोशीतील पांढऱ्या गवळाऊ गाईचे छायाचित्र पुढे करून 'यासारखी चित्रे हुडकून आण' असा हुकूम संगणकाला सोडला, तर तो चित्राखालचे नाव वाचीत नाही. कोणत्या रंगाने चित्राचा किती भाग व्यापला आहे याची खानेसुमारी करून, ज्यांचे आकडे तिच्याशी जुळतात अशी चित्रे तो आपल्या दफ्तरातून क्रमवार काढून देतो. रंगगणनेची ही रीत स्वेन व बॅलर्ड यांनी १९९१ साली मांडली. तीत रंग किती याची नोंद राहते, कोठे याची राहत नाही. म्हणून गाईच्या जोडीला बाजार समितीच्या आवारातील कापसाचा ढीगही हजर झाला, तर तो यंत्राचा अपराध नव्हे. पुढे पोत व आकृतीही हिशेबात आल्या, चुका घटल्या. परंतु सारखेपणा कळणे म्हणजे ओळखणे काय, हा प्रश्न शिल्लकच आहे.

आपल्या शास्त्रकारांनी याच गाईवरून तो चर्चिला होता. गवय गाईसारखा असतो असे वनवासीयाकडून ऐकलेला ग्रामस्थ रानात तसा पशू पाहतो, तेव्हा 'यालाच गवय म्हणतात' हे ज्ञान उपमानाचे फल, असे नैयायिक म्हणतात. मीमांसकांच्या मते, समोरच्या पशूवरून 'माझी घरची गाय याच्यासारखी आहे' असे जे परोक्ष गाईविषयी कळते, तेच उपमान. यंत्र मला मीमांसकांच्या पक्षाचे वाटते (मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी यांनी क्षमा करावी), कारण समोरच्या चित्रावरून ते दृष्टीआडच्या चित्राचे सादृश्य सांगते. उणीव आहे ती 'माझी' या पदाची.

आर्वीहून वर्धा नदीपलीकडे असलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. भागवताच्या दशम स्कंधात, शंबरासुराने जन्मताच पळविलेला तिचा पुत्र प्रद्युम्न तरुण होऊन द्वारकेस परततो, तेव्हा अंतःपुरातील स्त्रिया त्याला श्रीकृष्णच समजून लाजून लपतात, आणि किंचित फरक ध्यानी आल्यावर हळूहळू पुढे येतात. रुक्मिणी मात्र तेच रूप, तीच चाल, तोच स्वर, तेच हास्य पाहून वेगळ्याच विचारात पडते: आपले हरवलेले बाळ जिवंत असते तर आज याच वयाचे असते. लक्षणे सर्वांना तीच दिसली. हरवलेले मूल तिचे एकटीचे होते, आणि पान्हाही तिलाच फुटला.

तरीही निवाडा तिने दिला नाही. सर्व जाणणारे श्रीकृष्ण तेथे येऊनही मौन राहिले, आणि नारदांनी हकीकत सांगितली तेव्हाच मुलाला नाव मिळाले. येथे वनवासीयाच्या शब्दावर भिस्त ठेवणाऱ्या नैयायिकांचा पक्ष पुन्हा बळावतो, आणि मीमांसकांना त्याचे उत्तर द्यावे लागेल.