दात्यावाचून दान

एक जुनी वस्तू वाचविण्यासाठी तशीच दुसरी वस्तू मोडणे न्याय्य आहे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. आम्ही तो ज्या उदाहरणावरून मांडीत आहोत ते तर आपल्या मुलखापासून फारच दूरचे, कॅनडातील बर्फावर धावणाऱ्या 'स्नोमोबाइल' नामक वाहनाचे आहे. बर्फ म्हटले की आपणां बहुतेकांस गोळेवाल्याची गाडीच आठवावयाची. आमचीही गत त्याहून निराळी नाही. परंतु योग्यायोग्याचा विचार करण्यास अंगावर थंडी सोसलीच पाहिजे असे नाही.

क्वेबेक प्रांतातील व्हॅल्कूर गावी जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए नावाचा एक यंत्रज्ञ राहत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते हिमाने बुजलेले, रुग्णालयात नेण्यास साधन नाही, मूल दगावले. हिमावरून चालणारे वाहन बनविण्याचा ध्यास त्या गृहस्थास तत्पूर्वीच लागलेला होता. १९३७ साली त्याच्या दातेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्यास पेटंट मिळाले व सात माणसे नेणारे वाहन निघाले. हलकी 'स्की-डू' आली ती १९५९ साली. १९७० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत अशी वाहने करणारे कारखाने शंभरांवर गेले होते. त्यांतील बहुतेक पुढे बंद पडले.

खरी अडचण येथूनच सुरू होते. जुन्या वाहनाच्या कार्ब्युरेटरचा पातळ पडदा अथवा रबरी सील आजही नवे मिळू शकते. परंतु बंद पडलेल्या कारखान्याचे इंजिनाचे कवच किंवा फायबरग्लासचे टोपण नवे कोण घडविणार? म्हणून हौशी मनुष्य त्याच जातीचे दुसरे मोडके वाहन विकत घेतो. एकाचा सांगाडा शाबूत पण इंजिन गेलेले, दुसऱ्याचे इंजिन बरे पण सांगाडा कुजलेला. दोहोंचे मिळून एक होते. ज्याचे अवयव काढले त्यास तिकडील लोक 'दाता' म्हणतात.

आम्हांस खटकतो तो हाच शब्द. संकल्पावाचून दान नाही, हे पुरोहिताच्या घरात वाढलेल्या मुलास वेगळे शिकवावे लागत नाही. यंत्रास संकल्प कोठला? त्याने काहीच दिलेले नाही. आपण घेतले आहे. घेणारा दुसऱ्यास दाता म्हणू लागला की स्वतःचे ऋण विसरण्यास त्यास मोठी सोय होते.

यावर कोणी म्हणेल, लोखंड जड आहे, त्यास वेदना नाही, मग ऋण कोणाचे? लोखंडाचे नव्हेच. ज्यांनी ते घडविले, ज्यांनी ते वापरले आणि जे पुढे त्याच्याच शोधात येतील, त्यांचे. एका कार्ब्युरेटरसाठी चालू होऊ शकणारे वाहन उघडले, की जगातून त्या जातीचे एक कायमचे उणे झाले. उलटपक्षी, दोन्ही वाहने तशीच परसात ठेवून 'आम्ही कशासही हात लावला नाही' अशी धन्यता मानणाऱ्याचेही आम्हांस कौतुक नाही. गंज कोणाची संमती विचारीत नाही.

मिलिंद राजास नागसेनाने रथाविषयी विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे: आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय? तो प्रश्न गहन खरा, परंतु येथे तो पुरत नाही. कारण येथे रथ दोन आहेत, आणि नाव एकाचेच उरणार आहे. हृदय एकाचे, क्रमांक दुसऱ्याच्या सांगाड्यावरचा. विकताना हे न सांगणे ही आमच्या मते सरळ फसवणूक होय. मग रंग कितीही हुबेहूब दिलेला असो.

कौशल्याचा आणि नीतीचा येथे अगदी जवळचा संबंध आहे. ही जुनी इंजिने बहुधा टू-स्ट्रोक. पेट्रोलात तेल मिसळावे, तेच आतल्या भागांस वंगण. वर्षानुवर्षे दमट जागी पडून राहिल्यास क्रँकशाफ्टची बेअरिंगे गंजतात, सील वाळून चिरतात. त्या चिरेतून हवा आत शिरते, इंधनाचे मिश्रण विरळ होते आणि पिस्टन तापून वितळू लागतो. घेतलेले इंजिन न उघडता, सील न बदलता घाईने बसविले, तर ते थोड्याच काळात निकामी होण्याचा धोका असतो. मग ज्याच्यासाठी मोडले तेही गेले आणि जे मोडले तेही गेले. अशा आळसास आम्ही नुसता आळस म्हणणार नाही.

तेव्हा कोणते मोडावे? जे स्वतःच्या बळावर पुन्हा उभे राहू शकणार नाही तेच, आणि तेही दोन्ही नीट उघडून पाहिल्यावर. काय कोठून घेतले याची वही ठेवावी. उरलेला पट्टा, स्कीवरच्या पात्याच्या स्प्रिंगा, हँडल ही भंगारात न घालता चिठ्ठी बांधून फळीवर ठेवावी. दूर कोठे तरी कोणाचे वाहन तेवढ्या एका स्प्रिंगेसाठीच अडलेले असते.