दोन राजे आणि एक लंगडा कुत्रा

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी पोहोचतो, तेव्हा त्याच्यासोबत उरलेला असतो फक्त एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला इथेच सोड म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो. द्रौपदीला आणि भावांना मागे सोडून आलास, मग कुत्र्याचाच एवढा मोह कशासाठी, असे इंद्र टोचून विचारतो. युधिष्ठिराचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. ते मरण पावले होते, जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाने आला आहे.

भागवताच्या पाचव्या स्कंधात आपल्याला दुसरा राजा भेटतो, भरत. तो राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करीत होता. सिंहाच्या गर्जनेने घाबरलेल्या हरिणीच्या पोटातले पाडस नदीत पडले, ते त्याने उचलून आणले आणि वाढवले. पुढे त्या पाडसाच्या काळजीत त्याचे एकेक नित्यकर्म सुटत गेले. मरतानाही मन हरिणातच राहिले आणि पुढचा जन्म हरिणाचा मिळाला.

प्राण्याला न सोडल्यामुळे एकाला स्वर्ग, दुसऱ्याला पुनर्जन्म. आपण या दोन्ही कथा सत्संगात अनेकदा ऐकल्या आहेत, पण वेगवेगळ्या दिवशी. घरात लंगडणारा कुत्रा असला की मात्र त्या एकाच वेळी समोर उभ्या राहतात.

समजा, तुमच्या घरी नऊ वर्षांची लॅब्राडॉर कुत्री आहे. एके दिवशी ती मागचा पाय उचलून तीन पायांवर चालू लागते. पशुवैद्य तपासून सांगतात, गुडघ्यातले क्रूशिएट लिगामेंट तुटले आहे. माणसात हे बहुधा खेळताना, एका झटक्यात होते. कुत्र्यात ते पुष्कळदा महिनोन्‌महिने झिजत आलेले असते आणि एखाद्या साध्या उडीचे निमित्त होते. त्यामुळे काही काळाने दुसऱ्या पायाचेही तुटण्याची शक्यता बरीच असते. मोठ्या कुत्र्यासाठी शस्त्रक्रिया हा चांगला मार्ग मानला जातो. तीत गुडघ्याखालच्या हाडाचा वरचा भाग कापून त्याचा उतार बदलतात आणि धातूची पट्टी व स्क्रू लावून तो पक्का करतात. पण कधी वय, हृदयाचा आजार किंवा भूल देण्यातला धोका आडवा येतो, कधी खर्च. मग ब्रेसचा विषय निघतो.

ब्रेस म्हणजे पायाला बाहेरून दिलेला आधार. पायाचा साचा घेऊन त्या मापाने प्लास्टिकचे कवच बनवतात, आतून मऊ अस्तर लावतात, गुडघ्याशी बिजागरी बसवतात आणि व्हेलक्रोच्या पट्ट्यांनी ते पायावर आवळतात. तुटलेले लिगामेंट ब्रेसने पुन्हा जुळत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. ब्रेस सांध्याचे सरकणे आवरते, पायावर भार टाकता येतो, दुखणे कमी होते आणि दरम्यान सांध्याभोवतीच्या ऊती हळूहळू घट्ट होत जातात. पुढच्या पायाचे मनगट खचले असेल किंवा मज्जारज्जूच्या विकाराने पंजा उलटा पडून घासत असेल, तर त्यासाठीही वेगळ्या घडणीचे ब्रेस मिळतात. प्रत्येक कुत्र्याला ते मानवतात असे नाही. काहीजण पहिल्याच दिवशी दातांनी पट्टे कुरतडून मोकळे होतात!

आता तुमचा दिवस पाहू. पहिल्या दिवशी ब्रेस थोडाच वेळ घालायचा, मग रोज वेळ थोडी थोडी वाढवायची. काढल्यावर केस बाजूला करून कातडी पाहायची. लालसर खूण काही वेळात गेली तर ठीक; राहिली, ओलसर झाली किंवा केस झडले, तर ब्रेस बंद आणि पुन्हा माप. रात्री तो काढून ठेवायचा. घरातल्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून सतरंज्या, पायपुसणी, जे मिळेल ते अंथरायचे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तीस किलोचे जनावर उचलून दोन जिने चढायचे. घरातले कोणी म्हणते, एवढा पैसा कुत्र्यावर? पहाटेचे ध्यान हुकते. आठवड्याच्या सत्संगाला जाणे थांबते, आणि कोणी विचारले तर खरे कारण सांगायलाही संकोच वाटतो.

हा थकवा तुमच्या मनाचा खेळ नाही. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठातील मेरी बेथ स्पिट्झनागल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये पाळीव प्राणी असलेल्या 238 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांचे प्राणी दीर्घकाळ आजारी होते, निम्म्यांचे निरोगी. आजारी प्राण्यांना सांभाळणाऱ्यांत मनावरचा भार आणि ताण अधिक होता, उदासी व चिंता यांची लक्षणे अधिक होती आणि जीवनाची गुणवत्ता खालावलेली होती. घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांबद्दल जे दिसते, तेच इथेही दिसले. फरक एवढाच की सासूबाईंची सेवा करणाऱ्या सुनेला निदान कोणी तरी ‘दमलीस गं’ म्हणते. कुत्र्याचे करणाऱ्याला लोक हसतात, म्हणून तो गप्प बसतो.

साधकाच्या बाबतीत त्यात आणखी एक ओझे मिसळते. दमलो म्हणजे सेवाभाव कमी पडला, असे त्याला वाटू लागते. मला हे मान्य नाही. हात दुखणे हा हातांचा धर्म आहे. ब्रेसमुळे कुत्री स्वतःच्या पायांनी अंगणापर्यंत गेली, तुमची पाठ वाचली आणि तुम्हाला सलग सहा तास झोप मिळाली, तर तो लाभ तिच्या लाभाइतकाच खरा आहे. तो मोजताना लाजण्याचे कारण नाही. पशुवैद्यांकडे ब्रेसचा विचार करताना ‘हे आम्हाला रोज झेपेल का’ हा प्रश्नही तितक्याच मोकळेपणाने विचारायला हवा. चार दिवसांत कपाटात गेलेला ब्रेस कोणाच्याच कामाचा नसतो.

मग भरत राजाचे काय चुकले? पाडसाला पाण्यातून काढले हे नक्कीच चुकले नाही. तेवढी करुणा नसती तर त्याच्या तपाला तरी काय अर्थ होता? पण कथा नीट ऐकली तर दिसते की पुढे पाडस चरायला गेले आणि उशीर झाला, की तो व्याकूळ होऊन विलाप करीत बसे. पाडसाला तेव्हा काहीच दुखत नव्हते. दुखत होते भरताला, आणि त्या दुखण्यालाच तो पाडसाचे प्रेम समजत होता. युधिष्ठिराच्या संवादात विलाप कुठेच नाही. त्याने कुत्र्याची वाट अडवली नाही, त्याला कवटाळलेही नाही. सोबत आलेल्याला टाकायचे नाही, एवढीच त्याची भूमिका होती.

ही सीमारेषा आपल्या घरात फार साध्या जागी सापडते. 2002 मध्ये 48 लॅब्राडॉर कुत्र्यांचा एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. पिल्ले असल्यापासून जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न दिले होते. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यमान आयुष्य 13 वर्षे भरले, दुसऱ्याचे 11.2, सांध्यांचा आजारही त्यांना उशिरा जडला. म्हणजे लंगडणाऱ्या कुत्रीसाठी ब्रेसइतकेच, कदाचित अधिकच, महत्त्वाचे आहे तिचे वजन. आणि वजन कोण वाढवते? चहाबरोबर बिस्किट मागणारे तिचे डोळे ज्याला पाहवत नाहीत, तो. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ही कथा या कामी फार सोयीची पडते. पण तो कुत्रा भुकेला होता आणि आपली कुत्री सोफ्यावर बसलेली असते. बिस्किट देताना समाधान कोणाचे होते, हे त्याच क्षणी तपासून पाहा. मी तपासले आहे, उत्तर फारसे सुखाचे नव्हते.

ब्रेसच्या बाबतीतही तसेच. ती लंगडताना पाहवत नाही म्हणून आणलेला ब्रेस आणि तिला दुखते म्हणून आणलेला ब्रेस दिसायला सारखेच असतात. फरक कळतो तो कातडी लाल झाल्यावर. पहिल्यात मन म्हणते, होईल सवय. दुसऱ्यात हात आपोआप पट्टे सोडतो.

‘रस्त्यावर इतकी कुत्री उपाशी असताना एका कुत्रीवर एवढे?’ हा प्रश्न येतोच, आणि तो टाळू नये. एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजले तेव्हा वाळवंटात तेवढेच गाढव तहानलेले होते, असे थोडेच आहे? वाटेत जे आले त्याचे केले. मात्र खर्चाची फुशारकी मिरवायची असेल, तर तेवढ्या पैशात गल्लीतल्या चार कुत्र्यांना लस टोचून आणलेली बरी.

एक दिवस ब्रेसही पुरेनासा होईल. ती उठायला नकार देईल, खाणे सोडेल. त्यासाठी आतापासून दिनदर्शिकेवर रोज रात्री एक खूण करत जा: आज ती स्वतःहून शेपूट हलवून दारापर्यंत आली का? आणि शेजारी दुसरी: आज आपण शांत झोपलो का? महिन्याने त्या पानाकडे घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावे आणि ते पशुवैद्यांसमोर ठेवावे. आजचे म्हणाल, तर संध्याकाळ झाली आहे. पट्टे सोडा, कातडी पाहा, ओल्या फडक्याने अस्तर पुसा. ती अंग झटकेल आणि सतरंजीवर पसरेल. तुम्हीही तिथेच, पाठ भिंतीला टेकून, थोडा वेळ बसा.