स्वतःला खरी ठरवणारी समजूत

गाय व्याली की तिचा चीक आपण खरवसासाठी आवडीने मागून आणतो. मातेचा चीक मात्र जड व दूषित मानून पिळून टाकण्याची रीत अनेक घरांत होती. वस्तुतः पहिल्या दोन-तीन दिवसांचे हे पिवळसर दूध चमच्यांनी मोजावे इतके थोडे असले, तरी नवजाताची गरजही तेवढीच असते, आणि रोगप्रतिकारक द्रव्यांनी ते समृद्ध असते.

याहून गहन प्रश्न ‘हिला दूध पुरत नाही’ या वाक्याचा आहे. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. शंकेपोटी वरचे दूध सुरू केले की बाळ कमी ओढते आणि दूध खरोखरच आटते. समजूत स्वतःच आपला पुरावा निर्माण करते. दोष मात्र मातेच्या माथी येतो.

बोलणाऱ्याचा हेतू मायेचाच असतो. परंतु शुद्ध हेतू जबाबदारीतून मुक्त करतो काय? मध चाटवणारे बोटही प्रेमाचेच. तरी वर्षाच्या आतील बाळाला त्यातून क्वचित प्राणघातक विषबाधा संभवते.

काही मातांना खरोखरच दूध कमी येते. त्याचा निर्णय बाळाचे वजन पाहून डॉक्टरांनी करावा, ओसरीवरील चर्चेने नव्हे.

परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या आपण डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर जपली. त्यामागील मूल्य बाळंतिणीला आधार देण्याचे होते. तिच्याविषयीची शंका हा त्या वारशाचा भाग मानण्याचे कारण नाही.