आधी सोड, मग ये

चीनमधील हेबेई प्रांतात मार्क जी तियानशियांग नावाचे एक ख्रिस्ती वैद्य होते. गोरगरिबांना ते फुकट औषध देत. स्वतःच्या पोटाच्या दुखण्यावर त्यांनी अफू घेतली (त्या काळी ते औषधच होते) आणि अफूने त्यांना धरले. ते पापनिवेदन करीत, पुन्हा अफू घेत, पुन्हा पापनिवेदनाला येत. शेवटी धर्मगुरूंनी सांगितले, तुला खरा पश्चात्ताप नाही, अफू सोडशील तेव्हा ये. सुमारे ३० वर्षे त्यांना ख्रिस्तशरीर मिळाले नाही. श्रद्धा मात्र त्यांनी सोडली नाही. १९०० साली बॉक्सर बंडात त्यांना कुटुंबासह पकडले. घरातल्या कोणालाही एकट्याने मरावे लागू नये म्हणून त्यांनी आपले मरण सर्वांत शेवटी मागून घेतले, असे सांगतात. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी चीनमधील १२० रक्तसाक्षींना संत म्हणून घोषित केले, त्यांत हे वैद्यही आहेत. अफू त्यांना शेवटपर्यंत सुटली नव्हती.

त्या धर्मगुरूंना आज दोष देण्यात अर्थ नाही. व्यसन हा आजार आहे हे त्या काळी डॉक्टरांनाही नीट उमगलेले नव्हते. आपल्याला उमगले आहे ना? मग ‘आधी दारू सोडू दे, मग बघू’ हे वाक्य आपल्या घराघरांत अजून का ऐकू येते? ताप उतरल्यावर दवाखान्यात ये, असे आपण कोणाला सांगतो का?

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. हा ३८ चा आकडा वाचून बेथेस्दाच्या तळ्याकाठचा, ३८ वर्षे आजारी असलेला माणूस आठवला. त्याची तक्रार एवढीच होती की, मला तळ्यात उतरवायला कोणी नाही. पुन्हा पाप करू नको, हे प्रभूने त्यालाही सांगितले, पण बरे केल्यानंतर.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित मानसिक आजारांवरही उपचार मिळणे हा हक्क मानला आहे. पण हक्क मागायला आधी तोंड उघडावे लागते. ‘पित्त झालंय’ म्हणून घरात झाकून ठेवलेला माणूस उपचारापर्यंत पोहोचणार कसा? घरात मुलीचे लग्न ठरायचे असले तर मग विचारूच नका. काही जण त्याला खोलीत कोंडतात. हे धोक्याचे आहे. रोज खूप पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. ब्राऊन शुगरचे उलटे आहे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि बाहेर आल्यावर जुन्याच मात्रेने माणूस दगावतो.

ब्राऊन शुगरसारख्या नशेवर ब्युप्रेनॉर्फिन हे जिभेखाली ठेवण्याचे औषध आहे. त्याने तलफ आणि अंगाची तडफड शमते, मृत्यूचे प्रमाणही कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपल्या देशातही ते दिले जाते. एका नशेच्या जागी दुसरी नशा, असा आक्षेप यावर येतो. पोप फ्रान्सिस यांनीही २०१४ मध्ये, असे पर्यायी औषध म्हणजे झाकलेली शरणागती, असा इशारा दिला होता. हा इशारा मी हलका मानत नाही. गोळी हातात ठेवून माणसाला वाऱ्यावर सोडले तर ती शरणागतीच. पण त्याच गोळीच्या आधाराने तो कामावर जाऊ लागला, पगार घरी आणू लागला, तर तिला शरणागती म्हणायला माझे मन धजत नाही. मेलेल्या माणसाला पश्चात्तापाची संधी कुठली?

‘घरच्या शांतीसाठी’ म्हणून मिस्साचा हेतू देणाऱ्या कित्येक माउली आहेत. त्यामागे काय आहे ते कोणी विचारत नाही, त्याही सांगत नाहीत. त्यांच्यासाठी सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाईन आहे, १४४४६. घरच्यांनी फोन केला तरी चालतो. त्यासाठी त्याने आधी सोडलेली असावी लागत नाही.