गिऱ्हाईक नावाचा देव

गिऱ्हाईक हा देव असतो, असे आमचे वडील सांगत. देव उधारीवर काम करून घेतो की नाही, ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ माझा लहानसा छापखाना आहे. बारशापासून तेरवीपर्यंत माणसाचे सगळे काही आम्ही छापतो. यात एक थोर गिऱ्हाईक आहे. रुपयातले सहा आणे काम त्यांचेच. प्रूफ तिसऱ्यांदा पास केले की त्यांना मजकूर सुचतो. काम रात्री येते, सकाळी हवे असते. पैसे मात्र कोळशाच्या मालगाडीने येतात.

"या माणसाला एकदा नमस्कार करून मोकळे व्हा," बायको म्हणते.

"धंद्यात सोशिक असावं लागतं," मी म्हणतो. आपल्या सोशिकपणाचा मला, खरे सांगतो, फार अभिमान.

या मे महिन्यात रात्री अकरा वाजता त्यांनी पुन्हा मजकूर बदलला. मी फोनवर "हो साहेब" म्हटले. आमचा मशीनमन घाम पुसत म्हणाला, "भाऊ, हो तुमी म्हनता, जागतो मी. शिव्या बी मलेच पडते."

तेव्हा मला गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव आठवले. वनहक्क कायद्याखाली 2012 साली या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यातला रोख पैसा. पण पान चांगले यावे म्हणून झाडे छाटतात, जंगलात आगी लावतात. मग टेंभरं माणसालाही नाहीत, पाखरालाही नाहीत. ग्रामसभेने पत्ता तोडणेच बंद केले. बांबू स्वतः विकून गाव चालवले.

पैसे किती येतात ते सगळेच मोजतात. पाचगावाने काय तोडले जाते तेही मोजले. मी इतकी वर्षे पहिलाच रकाना भरत होतो. माझा सोशिकपणा माझा नव्हताच. तो मी मशीनमनच्या झोपेतून उधार घेत होतो, आणि तो बिचारा बिल पाठवत नव्हता.

पण सहा आणे गेले तर त्याचा पगार कुठून द्यायचा? पाचगावाजवळ बांबू होता. माझ्याजवळ न विकलेली गतवर्षीची कॅलेंडरे. शेवटी छापखान्यातच ग्रामसभा भरवली. हजर : मी, बायको, मशीनमन. मला वाटले, तो म्हणेल, हाकला. तो म्हणाला, "हाकलू नका भाऊ. आठ वाजल्यावर काम नाही, अन् अर्धे पैसे आधी. एवढं सांगा. मंग राहो का जावो, त्याची मर्जी."

इतका साधा तोडगा मला सुचला नव्हता, कारण जागायचे मला नव्हते.

मी फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग "बघतो" एवढाच शब्द.

तीन आठवडे झाले, ते अजून बघताहेत. मशीनमन आठला घरी जातो. झोप माझी उडाली आहे. पण निदान ती माझी स्वतःची आहे.