इशारा आणि प्रामाण्य

26 सप्टेंबर 1983, मध्यरात्र उलटून गेलेली. मॉस्कोच्या दक्षिणेकडील सेर्पुखोव्ह-15 या गुप्त ठाण्यावर लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह रात्रपाळीला होते. ‘ओको’ उपग्रहांकडून इशारा आला: अमेरिकेने क्षेपणास्त्र डागले आहे. पाठोपाठ आणखी चार. ही माहिती पूर्ण विश्वासार्ह असल्याची ग्वाही संगणक देत होता. त्याच महिन्याच्या 1 तारखेला सोव्हिएत लढाऊ विमानाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि 269 जीव गेले होते. दोन्ही महासत्तांचे हात शस्त्रांवरच होते. तशा रात्री पेत्रोव्ह यांनी वरिष्ठांना कळवले की इशारा खोटा आहे.

ढगांच्या माथ्यावर चमकलेले ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्राची ज्वाळा वाटले होते.

त्या रात्री दळणवळणाची जोडणी तुटली नव्हती. संदेश वेळेवर पोहोचला होता, आणि लष्करी दळणवळण सांभाळणारे अभियंते अहोरात्र झटतात ते त्यासाठीच. एक मार्ग पडला तर दुसरा तयार हवा, शत्रूने लहरी जाम केल्या तरी आज्ञा पोहोचायला हवी. त्यांचे काम किती मोलाचे आहे, हे 7 डिसेंबर 1941 ला दिसले. हवाई बेटांशी अमेरिकी लष्कराचा रेडिओ संपर्क होत नव्हता, म्हणून लष्करप्रमुख जनरल मार्शल यांचा सावधगिरीचा संदेश व्यापारी तारेने पाठवावा लागला. तो तिथल्या मुख्यालयाच्या हाती पडला तोवर पर्ल हार्बरवर बॉम्ब पडून गेले होते.

पण उत्तम जाळेसुद्धा एवढीच हमी देते की तिकडून निघाले तेच इकडे आले. ते खरे मानायचे की नाही, हा प्रश्न जाळ्याच्या कक्षेबाहेरचा आहे. भारतीय दर्शनांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते; दोष दिसेपर्यंत त्यावर विश्वास ठेवावा. न्यायदर्शन मानणारे नैयायिक म्हणाले, नाही, प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचा खरेपणा बाहेरून सिद्ध करावा लागतो. त्यांची मुख्य कसोटी कृतीची: दूरवर पाणी दिसले, माणूस चालत गेला, तहान भागली, तर ते ज्ञान खरे.

अण्वस्त्रांच्या बाबतीत नेमकी हीच कसोटी निकामी होते. इशारा खरा मानून प्रतिहल्ला केला, तर तो खोटा होता हे कळूनही काही परत येत नाही. उरतो तो अनुमानाचा मार्ग, आणि पेत्रोव्ह त्याच वाटेने गेले. महायुद्ध सुरू करणारा देश पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडेल? जमिनीवरचे रडार दुजोरा का देत नाही? न्यायशास्त्राचे नावही न ऐकता एक सोव्हिएत अधिकारी नैयायिकासारखा विचार करत होता.

सैन्याचा रोजचा कारभार मात्र मीमांसकांच्या रीतीनेच चालू शकतो. सांकेतिक खूण पटलेली आज्ञा प्रत्येक शिपाई तपासत बसला, तर तुकडी जागची हलणार नाही. म्हणून दोन्ही दर्शनांना आपापली जागा द्यावी लागते. वरून खाली येणारी आज्ञा खूण पटताच मानावी; खालून वर जाणारा सर्वनाशाचा इशारा मात्र दुसऱ्या स्वतंत्र साधनाचा दुजोरा मिळेपर्यंत संशयितच धरावा. जाळी जितकी वेगवान होतील, तितका हा संशय घ्यायला वेळ कमी उरेल. वाचवलेले प्रत्येक मिनिट विचार करणाऱ्या माणसाच्या पदरात पडावे. माणसाच्या विचाराचा टप्पाच गाळण्यासाठी ते खर्च होऊ नये.

नोव्हेंबर 2024 मध्ये लिमा येथे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रे वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा, याला दुजोरा दिला. भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी कारवाई संचालनालयांमध्ये थेट दूरध्वनीची सोय आहेच. लिमासारखे वचन या दोन शेजाऱ्यांनीही एकमेकांना लेखी द्यावे. इथे क्षेपणास्त्राला सीमा ओलांडायला काही मिनिटेच लागतात.